मदत हवी आहे: जर्मनीत भाड्याचं घर इथे बसून कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी. मी शिरपूरचा, सध्या नोकरी नाशिकला. स्टुटगार्टजवळ सिंडेलफिंगेनला जॉब लागलाय, व्हिसा पण आला, पुढच्या महिन्यात निघायचंय. आधी मी एकटाच जाणार, बायको आणि 4 वर्षांची मुलगी शिरपूरलाच आईवडिलांकडे राहतील आणि घर मिळालं की त्यांना बोलवून घेईन. सुरुवातीला कंपनीचं गेस्ट हाऊस आहे, पण थोडेच दिवस, पुढचं आपलं आपण बघायचं.

आपल्याकडे धुळे-नाशिकला कसं, ओळखीतल्या दोन माणसांना सांगितलं की संध्याकाळपर्यंत खोली बघायला बोलावणं येतं. तिकडे मात्र वेबसाईटवर ढीगभर मेसेज टाकले तरी उत्तरच येत नाही. एकाचं आलं, तर म्हणे मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट ट्रान्सफर करा, चावी कुरियरने पाठवतो. फोटो एकदम भारी आणि भाडं बाकीच्यांपेक्षा बरंच कमी. वडील म्हणताय कापसाचे पैसे आलेले आहेत, लागले तर घे, पण ते पैसे असे न बघितलेल्या घरात टाकायची माझी हिंमत होत नाही.

अजून एक म्हणजे तिथे राहायला गेल्यावर 2 आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, ते आनमेल्डुंग, करायची आणि त्याला घरमालकाचं लेखी पत्र लागतं असं वाचलं. मग घर नाही तोवर काय करायचं? शुफाचा रिपोर्ट (आपल्याकडच्या सिबिलसारखा, माणूस पैसे वेळेवर फेडतो का ते दाखवणारा) पण सगळे मागतात, नवीन माणसाने तो आणायचा कुठून? आणि गाडी लगेच घ्यावी लागेल का? कोणी त्या भागात असेल तर प्लीज सांगा, घरचे सगळे काळजीत आहेत.

प्रतिसाद 1:
भाऊ, पहिले ते कुरियरवाले सोडा, हा फ्रॉडच आहे. घर बघितल्याशिवाय आणि करारावर सही झाल्याशिवाय एक युरो पाठवू नका. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त 3 महिन्यांच्या काल्टमीटएवढंच घेता येतं आणि ते तुम्ही 3 हप्त्यांत देऊ शकता, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. काल्टमीट म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटमध्ये हीटिंग वगैरे धरतात, लाईट आणि इंटरनेट बहुतेक वेळा वेगळं. जाहिरातीत कुठला आकडा दिलाय ते बघूनच हिशोब करा. किचन आहे का तेही विचारा, इथे बऱ्याच घरांत ओटा, सिंक काहीच नसतं, म्हणून पहिलं घर फर्निचरवालंच घ्या.

गेस्ट हाऊसवाले नोंदणीचं पत्र देतात का हे एचआरला आत्ताच मेलवर विचारा. ते मिळालं तर अर्धी चिंता मिटली, कारण टॅक्स आयडी त्याच पत्त्यावर पोस्टाने येतो. लेटरबॉक्सवर तुमचं नाव मात्र चिकटवा, नाव नसलं तर पोस्टमन पत्र परत नेतो. शुफाऐवजी नोकरीचा करार आणि एचआरचं पत्र जोडा, सोबत घरात कोण कोण राहणार ते जर्मनमधून लिहा.

घर सिंडेलफिंगेनलाच पाहिजे असा हट्ट धरू नका. जवळची बोब्लिंगेन, हेरेनबेर्ग ही गावं एसबानच्या (इथली लोकल ट्रेन) एस1 लाईनवर आहेत, बोब्लिंगेनहून एस60 पकडली की सिंडेलफिंगेन. डॉइचलांड टिकीट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याच्या वर्गणीचा पास, 2026 पासून महिन्याला 63 युरो, त्यात एसबान, बस, रीजनल ट्रेन सगळं चालतं, फक्त आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या नाही. बंद करायचं असेल तर 10 तारखेच्या आत कॅन्सल करा. कंपनी जॉबटिकीट (कर्मचाऱ्यांसाठी सवलतीचा हाच पास) देत असेल तर अजून स्वस्त. 6 वर्षांखालच्या पोरांना तिकीट लागत नाही. गाडीची घाई नको, पण आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून आणा, आपलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून 6 महिनेच चालतं, नंतर लेखी आणि गाडी चालवण्याची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

धागाकर्ता:
खूप आभार दादा, वडिलांना लगेच वाचून दाखवलं. एचआरला मेल टाकतोय. हेरेनबेर्गला लहान मुलांसाठी बालवाडीत जागा मिळते का, की नाव आधीपासून लावून ठेवावं लागतं?