शब्दचर्चा: तुटका, भग्न की तोडलेला त्रिशूळ?

२०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपची फायनल बार्बाडोसला, त्या कॅरिबियन बेटावरच्या देशात झाली ना, तेव्हापासून भाचीच्या मनात त्यांचा झेंडा बसलाय, आता शाळेच्या प्रोजेक्टला तोच घेतलाय. दोन कडांना निळे उभे पट्टे, मधे सोनेरी आणि त्यावर काळा त्रिशूळ, पण पूर्ण नाही, वरची तीन टोकं आणि खाली दांड्याचा आखूड तुकडा एवढाच. इंग्रजीत ब्रोकन ट्रायडंट म्हणतात. मराठीत काय लिहू? 'तुटका' म्हटलं की भंगारातला वाटतो, 'भग्न' बरं वाटतंय.

भग्न अजिबात नको. भग्न मूर्ती आपण पूजेतून काढून विसर्जन करतो, त्या शब्दात पडझड आहे. इथे उलटं आहे, ब्रिटिश वसाहतीच्या जुन्या चिन्हात ब्रिटानियाच्या, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीच्या हातात त्रिशूळ होता, ३० नोव्हेंबर १९६६ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा त्यांनी तोच घेतला आणि दांडा काढून टाकला, म्हणजे तुमचं राज्य संपलं. उरलेली तीन टोकं म्हणजे लोकांचं, लोकांनी, लोकांसाठी चालवलेलं सरकार. स्पर्धेत हजारावर डिझाइन्स आली होती, त्यातून ग्रँटली प्रेस्कॉड या चित्रकला शिक्षकाचं निवडलं. मला हे फार आवडतं, मालकाचंच हत्यार घेऊन ते मोडायचं!

मोडायचं, बरोबर बोललात. आपल्याकडे दोरी तुटते, काच फुटते, कापड फाटतं आणि काठी मोडते, त्यामुळे दांडा खरं तर मोडतो. पण 'मोडलेला' मधे गोची अशी की आपोआप मोडला की कुणी मोडला ते कळत नाही, 'काठी मोडली' दोन्हीकडे चालतं. तुटणं आणि तोडणं यात तो फरक स्वच्छ आहे. बेडी तुटली वेगळं, बेडी तोडली वेगळं. मी 'दांडा तोडलेला त्रिशूळ' लिहीन, लांब झालं तरी चालेल. आणि एक ओळ जोडा की हा शंकराचा नाही, समुद्रदेव नेपच्यूनचा आहे, नाहीतर मुलं हमखास गोंधळतील.

'तोडलेला' पक्कं, थँक्यू! भाची विचारत होती २०२१ ला प्रजासत्ताक झाल्यावर झेंडा बदलला का, तर नाही, तोच आहे. आता निळ्याचं बघते, अल्ट्रामरीन आहे, समुद्र आणि आकाशाचा, सोनेरी म्हणजे वाळू. 'गडद निळा' फार मोघम वाटतो. कपड्यांना घालायची नीळ असते ना, 'निळीचा निळा' लिहिलं तर कळेल ना मुलांना?