सोलापूरचं पार्क: गड्डा कुठला, स्टेडियम कुठलं?

नमस्कार मंडळी,
संक्रांतीच्या अंकात सोलापूरच्या पार्क स्टेडियमवर पानभर मजकूर द्यायचा आहे. आई म्हणते, गड्ड्याचं, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेचं, शोभेचं दारूकाम तिथंच व्हायचं. मामाच्या मते तिथं फक्त क्रिकेट. जाणकारांनी सांगावं.
– अंक समितीतून

ताई,
मामांचं बरोबर आहे, फक्त त्यातलं ‘फक्त’ काढा. दारूकाम होतं होम मैदानावर. भोगीला संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता, संक्रांतीला होम, किंक्रांतीला दारूकाम. यात्रेत मिरवतात त्या सात नंदीध्वजांचा, म्हणजे उंच काठ्यांचा, मान तिकडचा. इंदिरा गांधी स्टेडियम, म्हणजे आपलं पार्क, तिथून जवळच. त्यामुळे आईंच्या आठवणीत दोन्ही एक झाली असतील.

पार्कवर आम्ही मॅटिंगवर, म्हणजे खेळपट्टीवर अंथरलेल्या चटईवर, क्रिकेट खेळायचो. खिळे कितीही ठोका, दुपारपर्यंत मॅट सैल पडायचं आणि चेंडू कधी घोट्याशी, कधी छातीशी यायचा. पॉली उम्रीगर यांचा जन्म सोलापूरचा, १९२६चा. कसोटीत द्विशतक करणारे ते पहिले भारतीय, १९५५मध्ये न्यूझीलंडविरुद्ध २२३. आम्हा पोरांना तेवढा आधार पुरेसा होता.

पण त्याच मैदानावर जाहीर सभा व्हायच्या. मंडप निघाला की बांबूंचे खड्डे आम्हीच मातीनं बुजवायचो. बाहेरच्या अंगाला दुकानांचे गाळे, संध्याकाळी खाण्याच्या गाड्यांची गर्दी. सभेसाठी, बाजारासाठी शहरात जागा लागते हे मला मान्य आहे. तरी खेळपट्टीवर मंडप घालणं मला कधीच पटलं नाही. खेळपट्टी घडायला वर्षं लागतात हो.

स्मार्ट सिटीच्या कामात मैदानाचं रूप पालटलं आणि २०२४च्या सुरुवातीला महाराष्ट्राचे रणजीचे दोन सामने तिथं झाले. पहिला मणिपूरशी, दुसरा गतविजेत्या सौराष्ट्राशी. आणि बघा, दोन्हींच्या मधल्या काळात पलीकडं गड्डा! जत्रेला तिचं मैदान, क्रिकेटला त्याचं. अंकात हे जरूर लिहा.
– मूळ बाळीवेसचा, तुमचा काका

काका,
आमच्या थोरल्या भावानं दुसरा सामना पाहिला. चेतेश्वर पुजारा सोलापुरात फलंदाजीला उतरतोय यावर त्याचा विश्वासच बसेना. महाराष्ट्र हरला, याचं त्याला अजून वाईट वाटतं. त्याच्याकडं सामन्याचे फोटो आहेत, ताईंना पाठवायला सांगते. मॅटिंगच्या काळातला एखादा फोटो तुमच्याकडं असेल तर तोही द्या, शेजारी शेजारी छापता येतील.