मदत हवी आहे: वायोमिंगमधल्या हातगाड्यांच्या जागी सेवेला गेलेले शेजारी, मुंबईची एलिझाबेथ आणि बाबांचा चहा

नमस्कार मंडळी. धागा थोडा विचित्र आहे, पण इथे वसईपासून युटापर्यंतचे लोक आहेत म्हणून विचारतेय.

आम्ही अमेरिकेत, युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीजवळ राहतो. शेजारचे आजी-आजोबा मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे आहेत (त्यांना स्वतःला चर्चचं लांबलचक पूर्ण नाव घेतलेलं आवडतं, पण आमच्या बाबांना ते सात जन्मांत पाठ होणार नाही). दोघं सत्तरीला टेकलेले. लेक लहान असताना तिला त्यांनीच सांभाळलं. या वसंतात ते घर मुलाच्या हवाली करून, ट्रेलर गाडीला जोडून शेजारच्या वायोमिंग राज्यात 'सीनियर मिशनरी' म्हणून गेलेत. पगार नाही, उलट राहण्याखाण्याचा खर्च यांचाच. काम म्हणजे आलेल्यांना जागा दाखवायची, गोष्ट सांगायची, संडास घासायचे, हातगाड्यांची चाकं दुरुस्त करायची. बाबांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे वारीतले सेवेकरीच की." बरोबरच आहे, फक्त यांची वारी दीड वर्षाची.

जागेचं नाव सिक्स्थ क्रॉसिंग, म्हणजे स्वीटवॉटर नदी सहाव्यांदा ओलांडायची ती जागा. 1856 साली बैलगाड्या परवडत नव्हत्या म्हणून याच पंथाचे लोक हातगाड्या ओढत आयोवा सिटीहून सॉल्ट लेकला निघाले, सुमारे 1300 मैल. त्यातली, जेम्स विली यांच्या पुढारपणाखालची तुकडी 15 जुलैला निघाली, म्हणजे उशिराच. 19 ऑक्टोबरला बर्फानं गाठलं, पीठ संपलं. 21 ला याच नदीकाठी सॉल्ट लेकहून मदतीच्या गाड्या पोचल्या. तरी पुढे 23 ला रॉकी रिजचा चढ हिमवादळात चढावा लागला. पूर्ण प्रवासात जवळजवळ 70 माणसं गेली.

आता मुद्दा. या तुकडीत मुंबईची एक बाई होती. एलिझाबेथ झेवियर टेट. मला हे आजींनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. ह्यू फिंडले नावाचे मिशनरी 1852 मध्ये मुंबईत उतरले, पुण्यातही त्यांनी छोटी मंडळी जमवली होती. एलिझाबेथचा नवरा ब्रिटिश फौजेतला, तोही या पंथात आलेला. तो आधी पुढे गेला, ही मागून निघाली. वाटेत तान्ही मुलगी गेली. तरी ही चालत राहिली आणि शेवटी दक्षिण युटात सीडर सिटीला संसार मांडला.

आजी तिथे येणाऱ्या शाळकरी पोरांना हिची गोष्ट सांगतात. जायच्या आधी आमच्या गॅरेजमध्ये माझ्या लेकीला समोर बसवून तालीम करायच्या. मोठ्या माणसाला कपडे-अंथरूण धरून 17 पौंडच सामान नेता यायचं, म्हणून लेकीला न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर पिशवी भरायला लावली. पावणेआठ किलोसुद्धा नाही! विमानात हातात न्यायच्या बॅगेएवढं. तिनं आधी टॅब्लेट ठेवला, मग काढला, मग उशी ठेवली. उशीतच जागा संपली.

गेल्या आठवड्यात आजींचा फोन आला. तू मुंबईकडची, तर सांग, एलिझाबेथ काय नेसत असेल? मुलीला अंगाई कुठली म्हणत असेल? साडी नेसलेलं चित्र लावू का? मी सातारची. मला काय ठाऊक?

दुसरं, ऑगस्टमध्ये आईबाबा येताहेत, त्यांना घेऊन या असं आजींचं आग्रहाचं बोलावणं आहे. तर: (क) बाबांना चार वाजता चहा लागतोच आणि या लोकांत चहा-कॉफी वर्ज्य. थर्मास नेणं उद्धटपणा होईल का? (ख) बाबांची अँजिओप्लास्टी झालीय आणि त्यांना हातगाडी ओढायचीय. (ग) आईला धास्ती, "आपल्याला बाटवणार तर नाहीत?" (घ) भेट काय न्यावी?

आगाऊ धन्यवाद.

— माहुलीकर

प्रतिसाद: वसईवाला

ताई, साडी लावू देऊ नका. नुसतं झेवियर आडनावावरून ती गोव्याची की साष्टी-वसईकडची हे ठरत नाही. आमच्याकडच्या ख्रिस्ती बायका लुगडं नेसत, घरात मराठीचीच बोली. 'ईस्ट इंडियन' हे आमच्या मुंबई-वसईकडच्या ख्रिस्ती समाजाचं नाव मात्र तिच्या गळ्यात घालू नका, ते 1887 मध्ये, राणीच्या ज्युबिलीच्या वेळी घेतलेलं आहे. शिवाय नवरा गोऱ्या फौजेतला, म्हणजे ती झगाही घालत असेल. अंगाईचं तर सोडूनच द्या. कोकणी का मराठी तेच पक्कं नाही, उगाच गोड म्हणून घुसडायचं कशाला?

प्रतिसाद: सुपारीफूल

युटातल्याच प्रोव्होत बारा वर्षं काढली, म्हणून सांगते. थर्मास खुशाल न्या. नियम त्यांनी स्वतःला लावून घेतलाय, पाहुण्याला नाही. फक्त त्यांना कप पुढे करू नका, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात उकळायचा हट्ट नको, गाडीपाशी प्या. आईंना सांगा, कुणी पाणी शिंपडून बाटवत नाही. पुस्तक देतील, घेतलं तर घेतलं. प्रवेश फुकट आहे, पैसे देऊ करू नका, ओशाळतात. कामावर असताना त्यांना 'एल्डर' आणि 'सिस्टर' लावून आडनावानं हाक मारायची. अठरा वर्षांच्या पोरालाही एल्डरच म्हणतात, बाबांना मजा वाटेल. भेट म्हणून चिवडा न्या. माझ्या शेजाऱ्यांनी तो दुधात घालून खाल्ला होता, मी काही बोलले नाही.

प्रतिसाद: घाटवाट

रस्ता: आय-80 महामार्गानं रॉक स्प्रिंग्ज, तिथून फारसन, मग साउथ पास या खिंडीवरून 287 नंबरच्या महामार्गाला लागा. फारसनला आइस्क्रीमसाठी थांबाच, कोन डोक्याएवढा मिळतो. मुक्काम लँडरला. साउथ पास 7000 फुटांच्या वर आहे आणि नदीकाठची जागाही 6000 च्या वर, तेव्हा बाबांनी हातगाडी ओढायची नाही. धरून फोटो काढायचा, बस्स. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. वाटेत मोबाइलला रेंज नसते, नकाशा उतरवून घ्या. वारा सतत असतो, आणि नदीकाठी डास. टोपीला दोरी हवी.

माहुलीकर

सगळ्यांचे आभार. वसईवाले, तुमचं म्हणणं आजींना कळवलं. त्या म्हणाल्या, बरं झालं, साडीचं चित्र छापायला टाकणारच होते. अंगाईही काढली. आता फक्त "तिला तिची भाषा येत होती, आम्हाला येत नाही" एवढं सांगून पुढे जाणार आहेत.

बाबा फोटोवर राजी नाहीत, दहा पावलं तरी ओढणारच म्हणतात. सोमवारी त्यांच्या डॉक्टरांशी बोलते. आईनं चिवडा बाद केला, आजींसाठी ती स्वतः शिवलेली गोधडी आणतेय. काल काट्यावर ठेवून बघितली. पावणेदोन किलो.

आता एकच राहिलं: एलिझाबेथच्या माहेरचा माग काढायला मुंबईतल्या चर्चच्या जुन्या नोंदवह्या कुणी चाळल्यात का? 1850 च्या आसपासच्या कुठे बघायला मिळतात?