फायबरची हलगी का चामड्याची? मत सांगा भावांनो, सहा घ्यायच्यात

पलूसचा हलगीवाला:
गणपतीला दीड महिना राहिलाय, मंडळानं सहा नव्या हलग्या घ्यायचं ठरवलंय आणि पोरांत दोन पार्ट्या पडल्यात. निम्मी म्हणत्यात फायबरचं पान, म्हणजे वाजवायचा वरचा पडदा, घ्या, निम्मी म्हणत्यात चामडं नसंल तर तिला हलगी म्हणू नका. मी फायबरवाला हाय, आधीच सांगतो. गेल्या साली विसर्जनाला अर्ध्या वाटेत पाऊस आला आणि आमच्या तिन्ही चामडी हलग्या दहा मिनिटात बसल्या, टिपरू मारलं की ओल्या पोत्यावर मारल्यागत थप्प थप्प. मग शेकून परत ताठ करायला कुणाच्या तरी गोठ्यातनं उसाचं पाचट आणलं तर ते बी ओलं, नुसता धूर, शेवटी एकानं मोटरसायकलच्या सायलेन्सरपाशी हलगी धरली. मिरवणूक गेली पुढं आणि आम्ही मागं शेकत बसलोय. शेजारच्या गल्लीतली फायबरवाली पोरं भिजत भिजत वाजवत होती. बोला आता.

तालमीतला जुना गडी:
भावा पाऊस वर्षातनं चार महिने, कुस्तीची मैदानं उरलेले आठ महिने. कुंडलच्या मैदानात कधी उभा राहिलायस का? कुस्ती लागली की हलगी हळूहळू चढती, पैलवानानं पट काढला की वाजवणारा असा काय तोडा टाकतो की बघणाऱ्याच्या बी दंडात रग येती. तो आवाज कातड्याचाच. फायबरचा आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यावर गारा. मोठा हाय, न्हाई म्हणत न्हाई, पण कानाला लागतो, छातीला लागत न्हाई.

मिरजेचा ड्रमर:
दोघंही थोडं थांबा. मी ड्रमसेट वाजवतो, हलगी नाही, पण भांडण तेच आहे. अमेरिकेत सुद्धा आधी वासराचं कातडंच लावायचे, १९५७ च्या आसपास चिक इव्हान्स आणि रेमो बेली या लोकांनी पॉलिएस्टरची, म्हणजे मायलारची पानं बाजारात आणली आणि थोड्या वर्षात कातडं मागं पडलं. कारण सरळ आहे, कातडं हवेतला ओलावा पितं, सैल पडतं, सूर उतरतो. पॉलिएस्टर पाणी पीत नाही. पण "फायबर" म्हणजे एकच वस्तू नाही हो. आमच्याकडं एकपदरी पान साधारण १० मिलचं, म्हणजे पाव मिलिमीटर, मोकळं वाजतं, घुमतं, पण काडीचे खळगे लवकर पडतात. दुपदरी म्हणजे ७-७ मिलचे दोन थर, टिकतं जास्त पण आवाज आखूड आणि दबलेला. तुम्ही दुकानात जाऊन "फायबर द्या" म्हणता तेव्हा जाडी विचारता का?

पलूसचा हलगीवाला:
न्हाई विचारली कधी. दुकानदाराला बी ठाऊक नसंल.

तालमीतला जुना गडी:
म्हणजे ज्याचा पत्ता न्हाई त्याच्यावर वाजवायचं 😂 लहानपणी आम्ही दवाखान्यातली एक्स-रेची फिल्म लावलेली कड्याला, कुणाच्या तरी मोडलेल्या हाताचा फोटो सकट. ती बी तुझी फायबर हलगीच म्हणायची.

मिरजेचा ड्रमर:
हसू नका, ती फिल्म पॉलिएस्टरचीच असते 😄

आटपाडीकर:
आमच्याकडं पावसाचं दुखणंच न्हाई पण उन्हाचं हाय. मे महिन्यात जत्रंला हलगी टेम्पोच्या टपावर ठेवली, ऊन खाऊन कातडं एवढं आवळलं की कडंला टर्रकन फाटलं, वाजवायच्या आधीच. बोल्टची फायबर असती तर ढिली केली असती, चामडीला काय ढिलं करणार? तरीपण मी चामड्याकडंच. शेकताना ती टण्ण बोलायला लागती त्यो क्षण फायबरला न्हाई.

साताऱ्याची मृदंगवाली:
माझे वडील भजनी मंडळात मृदंग वाजवतात म्हणून एक सांगते. मृदंग, तबला यांच्या पानावर शाई, म्हणजे मधला काळा गोल लेप, असते, मधे भार असल्यामुळं त्यातून सुरेल स्वर निघतात, सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये यावर लिहिलंय. तिथं प्लास्टिक लावा म्हणणाऱ्याला मी दारात उभं करणार नाही. पण हलगीला शाई कुठाय? तिच्यात सूर नाही, ठोका आहे. मग कातडं गेलं तर नेमकं काय गेलं ते जुन्या गड्यांनी सांगावं, "छातीला लागतो" हे काय उत्तर झालं?

तालमीतला जुना गडी:
ताई सांगतो. डाव्या हातातली बारीक काडी जी सारखी तडतडत असती ना, ती कातड्यावर मऊ वाजती आणि उजव्या हातातलं टिपरू वेगळं, खाली बोलतं. दोन आवाज. फायबर बोल्टनं ताणून ताणून एवढं टाईट करत्यात की काडी पण कडक आणि टिपरू पण कडक, दोन्ही एकच. मग कैताळ, म्हणजे झांज, आणि हलगीत फरक राहिला कुठं, खालचा आवाज घुमक्यानं, म्हणजे जोडीच्या ढोलानं, एकट्यानं किती वढायचा?

साताऱ्याची मृदंगवाली:
हे पटलं. आधी असंच सांगायचं की.

मिरजेचा ड्रमर:
मग ती ताणायची चूक आहे, पानाची नाही! एकेक बोल्ट गोलगोल आवळत जायचं नाही, समोरासमोरचे आवळायचे, थोडे थोडे, आणि आवाज भरला की थांबायचं. पोरं पान्यावर लोंबकळतात. आणि पॉलिएस्टर एकदा जास्त ताणलं की ताणलेलंच राहतं, मग कितीही आवळा, मेलेलं वाजतं. कातडं निदान शेकून परत जागं होतं.

शिराळ्याचा पावसातला माणूस:
तुमची चर्चा छान पण आमच्याकडं नागपंचमीला आभाळ फाटलेलं असतं. जागं करायला विस्तव कुठला आणू? फायबर. विषय संपला.

पलूसचा हलगीवाला:
चार फायबर आणल्या काल, जाडी विचारली, दुकानदार माझ्या तोंडाकडं बघत बसला. आणि आज्ज्याची जुनी हलगी माळ्यावर होती, कडं शाबूत हाय, ती मढवायला काढली. शेळीचं कातडं दोन दिवस बादलीत भिजत पडलंय, आई वासानं वराडायला लागलीय.

तालमीतला जुना गडी:
बादलीवर दगड ठेव, कुत्री वढून नेत्यात. आमचं नेलेलं.