कुणी सुचवलंच नव्हतं असं पुस्तक, अशी सिरीज: तुमचा अनुभव लिहा

गाजलेल्यांची यादी नकोय. ती सगळ्यांकडे आहे आणि त्यातलं काय बघितलं, काय राहिलं हे विचारणारेही घरोघरी आहेत. इथे लिहायचंय ते अचानक हाताला लागलेल्या पुस्तकाबद्दल, किंवा कुठल्यातरी लांबच्या देशातल्या मालिकेबद्दल, जी आपण संपवली आणि मग त्यावर बोलायला आजूबाजूला कुणीच नव्हतं. डहाणूपासून बांद्यापर्यंत किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी लिहा, मुंबईत राहून गणपती-शिमग्याला येणाऱ्यांनीही. नुसतं नाव टाकून जाऊ नका. का आवडलं, कुणाला देऊ नये, कुठे अडखळायला होतं, सगळं येऊ दे.

रत्नागिरी (सुरुवात मीच करते)

आमच्याकडचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं. एवढी जुनी लायब्ररी गावात असताना आपल्याच तालुक्यावरचं पुस्तक लोकांनी वाचलेलं नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं. उर्मिला पवारांचं 'आयदान' (२००३). नाव ऐकलेलं असतं, इंग्रजीत गेलंय हेही माहीत असतं, पण वाचलंय का विचारलं की गप्प. अहो, ते आपल्या फणसवळ्यापासून सुरू होतं. गावातल्या बाया डोक्यावर ओझी घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजारात विकायला यायच्या, ती वाट, ते दमलेले पाय, वाटेत एकमेकींशी चाललेलं बोलणं. ज्या बाजारात आपण पिशवी घेऊन फिरतो तिथे माल कुणाच्या डोक्यावरून यायचा हे इतकं जवळून मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आणि घरात आई बांबूची आयदानं विणत बसलेली, वडील लवकर गेलेले पण मुलांनी शिकायचंच हे मनात पेरून गेलेले. हे पुस्तक 'दलित साहित्य' अशी चिठ्ठी लावून वेगळ्या कपाटात ठेवू नका, रत्नागिरीकर म्हणवणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवं.

त्याहून मागे पडलेलं सांगायचं तर त्यांनीच मीनाक्षी मून यांच्याबरोबर केलेलं 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९). आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या बायकांना शोधून, भेटून, त्यांच्याकडून ऐकून केलेलं काम आहे. ते केलं नसतं तर यातल्या कित्येक जणींचं नावसुद्धा राहिलं नसतं.

पेण

ताईंनी आपल्या गावचं दिलं, मग मीही देतो. आमच्या जवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. डोक्यावर कर्ज होतं, मथुरेला बायजाबाई शिंद्यांचा यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल म्हणून काकांबरोबर पायी निघाले आणि नेमके १८५७ च्या बंडात जाऊन सापडले. 'माझा प्रवास'. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी छापून आणलं. लोकांना वाटतं इतिहासाचं रुक्ष पुस्तक असेल, तसं बिलकुल नाही. झाशीला वेढा पडला तेव्हा हा माणूस आत शहरात होता. तोफा, आग, लूट, तहान, सगळं एका गरीब भिक्षुकाच्या नजरेतून, ज्याला कुठल्याच बाजूने लढायचं नाहीये, जीव वाचवून घरी जायचंय फक्त. मिळवलेलं वाटेत लुटलं जातं, परत मिळवायचं, परत जातं. आणि तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन तो वरसईला परत येतो. मी ते कावडीचं वाचताना थांबलो होतो, कारण एवढ्या सगळ्या धुमश्चक्रीतून पाण्याची कावड घरापर्यंत आणायची म्हणजे काय ते आधीची पानं वाचलेल्यालाच कळेल.

सुरुवातीची भाषा जड जाते, जुनी आहे, पण मोठ्याने वाचा. मोठ्याने वाचलं की कानाला ओळखीची वाटायला लागते, घरातले आजोबा बोलतायत असं.

गुहागर, सध्या बोटीवर

मर्चंट नेव्हीत आहे त्यामुळे पुस्तक मोजकंच नेता येतं, बॅगेत जागा नसते. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' मात्र कायम असतं. १९३९ चं, छोटीशी कादंबरी. युरोपातून निघालेली बोट, त्यावर हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू, घरी परत निघालेले हिंदी लोक, आणि त्यात चक्रधर आणि हॅर्टा. मुंबई आली की त्याने उतरायचं, तिने पुढे जायचं, तिला तर कुठल्याच देशात धड जागा नाही. बोटीवर माणसं किती पटकन जवळ येतात आणि बंदर दिसायला लागलं की कशी बदलतात हे बेडेकरांनी जसं लिहिलंय तसं बोटीवर राहिलेल्या माणसाला लगेच पटतं. कॉलेजात अभ्यासाला होतं म्हणून ज्यांनी वाचलं त्यांनी परत वाचा प्लीज, परीक्षेसाठी वाचलेलं वेगळं असतं.

चिपळूण

मी सिरीजवाला. आइसलँडची 'ट्रॅप्ड', २०१५ ची. पहिल्या सीझनची गोष्ट एवढीच की एका छोट्या बंदराच्या गावात डेन्मार्कहून फेरीबोट येऊन लागते, त्याच दिवशी पाण्यात मुंडकं नसलेलं प्रेत सापडतं, आणि बर्फाच्या वादळाने घाट बंद. राजधानीतून मोठे पोलीस येऊच शकत नाहीत. गावात तीन पोलीस, त्यांनीच काय ते करायचं. आंद्री म्हणून जो मुख्य पोलीस आहे तो अवाढव्य दाढीवाला, थकलेला, बायको सोडून गेलेली आणि हा अजून सासू-सासऱ्यांच्याच घरात राहतोय, मुलींना सांभाळतोय.

आता हे चिपळूणच्या माणसाला का भिडतं ते सांगायला नको. परशुराम घाटात दरड, कुंभार्लीत दरड, खाली वाशिष्ठी भरलेली, की आपण पण आतच. २२ जुलै २०२१ ला आम्ही वरच्या मजल्यावर होतो, खाली जिन्याच्या पायऱ्या एकेक करून पाण्यात जाताना दिसत होत्या, आणि त्या वेळी जे काही करायचं ते आळीतल्या माणसांनीच केलं, बाहेरून कोण येणार हा विचार नंतरचा. ट्रॅप्डमध्ये ते बरोबर पकडलंय. खून कुणी केला यापेक्षा गाव आत अडकल्यावर माणसांची जुनी भांडणं, जमिनीचे व्यवहार, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं वर येतं. हो, तिथेही बंदर होणार म्हणून जमिनींचे व्यवहार चाललेले आहेत!

इंग्लिश डबिंग लावू नका. मूळ आवाज ठेवा नि सबटायटल वाचा, दोन एपिसोडनंतर डोळ्यांना सवय होते.

देवगड

जमिनींचा विषय निघालाच आहे म्हणून. तोवे यान्सन या फिनलंडच्या लेखिका, स्वीडिशमध्ये लिहायच्या, मूमिन नावाच्या मुलांच्या पुस्तकांमुळे जगभर माहीत. त्यांचं मोठ्यांसाठीचं 'द समर बुक' (१९७२) मला भाचीने इंग्रजीत आणून दिलं. एक आजी, एक छोटी नात सोफिया, आणि फिनलंडच्या आखातातलं एक एवढंसं बेट. मुलीची आई वारलेली आहे हे जेमतेम एकदा येतं, बाकी कुठे रडारड नाही. दोघी भांडतात, खोटं बोलतात, पत्ते खेळतात. सोफियाला कापल्या गेलेल्या गांडुळांचं भयंकर वाईट वाटतं तर ती त्यांच्यावर पुस्तकच लिहायला घेते, ती सांगणार आणि आजीने लिहून घ्यायचं, स्पेलिंग विचारायचं नाही.

त्यात एक प्रकरण आहे, शेजारच्या बेटावर कुणी पैसेवाला येऊन मोठं घर बांधतो आणि 'आत येऊ नये' अशी पाटी लावतो. आजीचा संताप होतो. आमच्या इथे पाटी नसली तरी कुणाच्या बेटावर न विचारता उतरायचं नाही हे माणसाला कळतं, पण पाटी लावणं म्हणजे थोबाडीत मारणं, असं तिचं म्हणणं. मग दोघी जाऊन ते घर उघडतात, तेवढ्यात मालकाची बोट येते. पुढचं सांगत नाही. आमच्या कड्यावर गेल्या काही वर्षांत जांभ्याच्या गडग्यांच्या जागी तारेची कुंपणं आलीयत, जिथून आमच्या आया समुद्रावर जायच्या त्या पायवाटा बंद झाल्या, आणि त्यावर आपल्याकडे फक्त वाद झालेत. ही बाई रागाबरोबर त्या नव्या माणसाचं एकटेपणही दाखवते. मराठीत कुणी केलंय का हे? नसेल तर कुणीतरी करा, आणि आपल्या घरच्या बोलीत करा.

दापोली तालुका

आमचे हे डॉक्टर, दवाखाना गावातच, घराला लागून. त्यामुळे 'डॉक मार्टिन' मला माझ्या घरातली सिरीज वाटते. इंग्लंडची, २००४ ते २०२२ चालली. लंडनमधला नावाजलेला सर्जन, त्याला अचानक रक्ताची भीती बसते, ऑपरेशन करता येत नाही, म्हणून कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या छोट्या गावात जनरल प्रॅक्टिसला येतो. तिथे त्याची आत्या असते. स्वभावाने अत्यंत तुसडा, गोड बोलणं माहीतच नाही, पण निदान एकदम पक्कं. आणि गावकरी असे की दवाखान्यात नुसतं गप्पा मारायला येऊन बसतात, चहा-बिस्किटं मागतात, रस्त्यात थांबवून शर्ट वर करून पुरळ दाखवतात.

आमच्याकडे जेवताना मागच्या दारी लोक येतात आणि "डॉक्टर जेवतायत का, मग राहू दे, फक्त एवढंच विचारायचं होतं" म्हणून पाऊण तास उभे राहतात. ह्यांना आधी ही सिरीज बघायची नव्हती, घरी परत दवाखानाच कशाला म्हणून. आता तेच लावतात. मला आवडतं ते हे की शेवटपर्यंत तो माणूस फार सुधारत वगैरे नाही, तरी गाव त्याला धरून ठेवतं. मधले काही सीझन लांबलेत, लग्नाचं नि भांडणाचं फार ताणलंय, तिथे पुढे जा.

हर्णै

'अवर ब्लूज', कोरियाची, २०२२. जेजू बेटावरची. कोरियन म्हटलं की लोकांना गोड गोड लव्हस्टोरी वाटते. यात मासळी विकणारी उन-ही आहे, जाड, मोठ्या आवाजाची, अख्ख्या भावंडांना पोसलेली. पहाटे लिलावाला उभी राहते, माल उचलते, दिवसभर मासे कापते आणि घरातले सगळे तिच्याकडे पैशासाठीच फोन करतात. आमची आई बंदरावर लिलावात उभी राहायची, तिच्याही हातांना तो वास कायमचा होता. टीव्हीवर अशी बाई मुख्य पात्र म्हणून मी पहिल्यांदा बघितली आणि मला रडूच आलं.

समुद्रात सिलिंडर न लावता बुडी मारून शिंपले काढणाऱ्या बायका आहेत, हेन्यो म्हणतात त्यांना, साठी-सत्तरीच्या म्हाताऱ्या पण. त्यातल्या एका तरुण मुलीच्या जुळ्या बहिणीला डाउन सिंड्रोम आहे, आणि ते काम जिने केलंय ती खऱ्या आयुष्यातही डाउन सिंड्रोम असलेली चित्रकार आहे. वीस एपिसोड, प्रत्येकात दुसऱ्याची गोष्ट पुढे येते. शेवटचे आई-मुलाचे एपिसोड एकट्याने बघू नका, घरात कुणीतरी असू दे.

श्रीवर्धन

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे वीज यायला खूप दिवस गेले. वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या, फोन बंद, संध्याकाळी करायला काहीच नाही. कपाटात वडिलांचं चिं. त्र्यं. खानोलकरांचं 'कोंडुरा' सापडलं, मेणबत्तीवर वाचलं. परशुरामतात्या, त्याचा तो देव, आणि श्रद्धा माणसाकडून काय काय करून घेते. कवी आरती प्रभू म्हणून लोक त्यांना ओळखतात, कादंबऱ्यांपर्यंत पोचत नाहीत. घाबरवणारं आहे, हे आधीच सांगतो.

वेंगुर्ला

श्रीवर्धनच्या दादांनु, कोंडुरा ही खरी जागा आहे, आमच्या वायंगणीजवळ! पावसात एकदा या आणि खडकांत शिरणाऱ्या पाण्याचा आवाज ऐका, मग कादंबरीतला तो घोष काय आहे ते कळेल. बेनेगलांनी १९७८ मध्ये त्यावर सिनेमा केला, पण आधी पुस्तकच.

अलिबाग

'डिटेक्टरिस्ट्स', इंग्लंड, २०१४ पासून. दोन मित्र शेतांत मेटल डिटेक्टर घेऊन फिरतात, बहुतेक वेळा डब्यांची झाकणंच सापडतात. काही घडत नाही आणि तरी बघून झोप छान लागते.

मालवण

माझी खानावळ आहे. 'मिडनाइट डायनर' ही जपानी मालिका मी रात्री भांडी आवरल्यावर बघतो, एपिसोड जेमतेम पंचवीस मिनिटांचा. टोकियोतल्या गल्लीत छोटी खानावळ, रात्री बाराला उघडते ती सकाळी सातपर्यंत. मेन्यूवर एकच पदार्थ, पण गिऱ्हाईक मागेल ते मालक करून देतो, सामान असलं तर. मालकाच्या डोळ्यावर जखमेचा व्रण, तो कसला ते कुणी विचारत नाही. प्रत्येक एपिसोडात एक पदार्थ आणि तो मागणाऱ्याची गोष्ट. टॅक्सीवाले, नाचणाऱ्या बाया, गुंड, ऑफिसातले साहेब, सगळे एकाच बाकड्यावर.

आमची आजी बाजूला बसते. "ह्यो मेलो रातचो कित्याक खानावळ उघडता?" असं पहिल्या दिवशी म्हणाली, आता "माका समजणा नाय, पण बघूक बरा वाटता" म्हणते आणि तो ऑम्लेट गुंडाळतो ते पुढे सरकून बघते.

धंद्यातला म्हणून एक सांगतो. तो मालक गिऱ्हाइकाला सल्ला देत नाही, ऐकतो, ताट पुढे ठेवतो. आमच्याकडेही सीझन संपल्यावर पावसात एकटे येणारे असतात, सोलकढी परत मागतात, उठायचं नाव घेत नाहीत. त्यांना पूर्वी "अजून काय देऊ?" विचारायचो. आता वाटी भरून ठेवतो आणि गल्ल्यावर जाऊन बसतो.

बघायची तर कुठूनही सुरू करा, क्रम लागत नाही. फक्त जेवून बसा.