वाडा आधी घर, मग शाळा, मग कचेरी: खुणा कशा वाचायच्या?

ओसरी
पुणे जिल्ह्यातला दुचौकी (दोन चौकांचा) वाडा. राहतं घर, मग शाळा, मग सरकारी कचेरी, असं ऐकीव आहे. आता माडीवर वाचनालय करायचं घाटतंय. कुठला बदल आधीचा, हे बांधकामावरून कळतं का? कागद कुठे पाहायचे?

कडीपाट
साल क्वचितच कळेल, क्रम बहुधा कळतो. आधी आडभिंती बघा. मूळ भिंतीत कड्यांची (छताच्या आडव्या लाकडांची) टोकं आत शिरलेली असतात. नंतरची भिंत नुसती कडीपाटाला (कड्या-फळ्यांच्या लाकडी छताला) खालून टेकते. ओसरी बंद करून खोली केली असेल तर तळखडा (खांबाखालचा दगड) अर्धा भिंतीत गडप झालेला दिसतो. तुळईला (कड्या पेलणाऱ्या जाड आडव्या लाकडाला) झोपाळ्याचे हूक आहेत आणि दोन हुकांच्या मधून भिंत गेलीय? मग ती भिंत राहत्या घराच्या काळातली नाही. रंगाचे थर ब्लेडने पायऱ्या-पायऱ्यांनी खरवडा, प्रत्येक थर बोटभर उघडा ठेवून. आडभिंतीवर दोनच थर आणि शेजारच्या भिंतीवर सात, तर उत्तर मिळालंच.
मंगळुरी कौलं १८६० नंतरची, पण त्यावरून छपराचं वय कळतं, वाड्याचं नाही.

चुनखडी
मिळकत पत्रिकेवर मालकी कळते, वापर नाही. त्यासाठी पालिकेच्या जुन्या करआकारणी नोंदवह्या काढा. आणि एका कोपऱ्यावरून अख्ख्या वाड्याचं वय ठरवू नका. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा राहता वाडा, १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा, १८७९ च्या आगीत काही भाग जळाला, पुढे पालिकेची कार्यालयं. अशा इमारतीत शेजारशेजारच्या खणांतलं (दोन खांबांमधल्या भागांतलं) लाकूडही वेगवेगळ्या काळातलं असू शकतं.

तळखडा
माडीवर वाचनालय? थांबा. भारतीय मानकात राहत्या खोलीला चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात, वर्गाला ३००, पुस्तकांच्या मांडण्यांना ६००. त्यात कचेरीच्या काळातली साडेचार इंची विटांची आडभिंत कडीपाटावर उभी असेल तर तिचंच वजन मीटरला सहा-सातशे किलो. ती आधी काढा, पण वरच्या कड्यांना खालून टेकू देऊन. त्या वाकल्या असतील तर वरचा भार तिच्यावर आलेला असतो.
तुळईची टोकं भिंतीत शिरतात तिथे सुरी खुपसून बघा. बाहेरून सिमेंटचा गिलावा असेल तर ओल आत कोंडते आणि सागही टोकाशी कुजतो, वरून रंग मात्र छान दिसतो.

ओसरी
सिमेंट आहे, पावसाळी बाजूलाच. मग मांडण्या तळमजल्यावर, वर फक्त वाचनकक्ष?

तळखडा
पुस्तकं वेगळी ठेवली तरी वाचनकक्षाला ३०० धरावे लागतात. तुळया मोजल्याशिवाय तेही नको.