अल्ट्रालाइट नव्हे, मीडियम-लाइट

बास माशाच्या फिनेस मासेमारीसाठी, म्हणजे छोटी आमिषे आणि बारीक लाइन (दोरी) वापरून करायच्या मासेमारीसाठी, कोणता रॉड (गळाची काठी) घ्यावा, असा प्रश्न इथे विचारला आहे. फिनेस म्हणजे नाजूक मासेमारी, तेव्हा रॉड जितका हलका तितका चांगला, म्हणून सर्वांत कमी ताकदीचा अल्ट्रालाइटच घ्यावा, हे वरच्या एका उत्तरातले मत मला पटत नाही. जॉर्जियातील लेक लॅनिअरवर तीसेक फूट खोल, नितळ पाण्यात ड्रॉप शॉट (लाइनच्या टोकाला वजन आणि त्याच्या वर गळ अशी मांडणी) टाकताना मी तीच चूक केली होती. स्पॉटेड बास जातीच्या माशाने ओढ दिल्याचे बोटांना स्पष्ट कळले, मी रॉड उचलला, पण तो मुठीपर्यंत वाकला आणि गळ जबड्यात रुतण्याइतका जोर खाली पोहोचलाच नाही. लवचीक शेंडा आणि ताकदीचा कणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याला दोन्ही हव्यात. त्यामुळे मीडियम-लाइट पॉवर (अल्ट्रालाइटपेक्षा ताकदीचा कणा), फास्ट अॅक्शन (मुख्यतः शेंड्याकडे वाकणारा), सुमारे 7 फूट लांबी आणि 1/16 ते 3/8 औंस वजनाचे आमिष फेकण्याची क्षमता असलेला रॉड मी सुचवेन.

एका गोष्टीचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही, ती म्हणजे शेंड्याकडच्या गाइडचा (लाइन ज्यातून जाते त्या कड्यांचा) आकार. आपल्यापैकी बरेच जण 10 पौंड ताण सोसणाऱ्या ब्रेडला (विणलेल्या लाइनला) 6 किंवा 8 पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर (गळाकडचा पारदर्शक तुकडा) जोडतात; ती गाठ फार बारीक गाइडमध्ये अडखळली, तर फेक तोकडी पडते आणि गाठही झिजते. शक्य असल्यास दुकानात स्वतःचे रील (लाइन गुंडाळण्याची फिरकी) व लीडर बांधलेली लाइन सोबत न्यावी, गाठ सर्व गाइडमधून हाताने ओढून पाहावी आणि रील बसवून रॉड एका बोटावर तोलावा. शेंडा खाली झुकत असेल, तर दिवसभरात मनगट भरून येते.